मारल्याची आंघोळ

माझ्या घोरण्याची जाहीर चर्चा पहिल्यांदा केली ती माझ्या मोठ्या जाऊबाईने. आम्ही घरच्या आणि शेजारच्या बायका परसात लाखोरीची भाजी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "राती गोठ्यातली म्हैस सुटली समजून उठली मी. पायतो त हे घोरून रायली." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसणाऱ्या बाईला लोक जास्त हसतात. त्या दिवसापासून माझ्या माघारी मला म्हैसच म्हणायचे.

घोरणं काही माझ्या एकटीचं नव्हतं. जाऊबाईचा नवरा, म्हणजे माझे भासरे, माझ्या दुप्पट घोरायचे. पण ते घोरले की "दिवसभर खपलेला मानूस आहे बाप्पा" असं कौतुक व्हायचं. बाई घोरली की घराची अब्रू जाते. माझ्या नवऱ्याने माझी खाट ओसरीत टाकली आणि आतून दार लावून घेतलं.

दिवसा मात्र मी कुठेही झोपायची. धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उभी असताना डोळे मिटायचे. एका लग्नात पंगतीला वाढताना डुलकी लागली आणि वरणाची बादली एका पाहुण्याच्या मांडीवर गेली. वरण गरम होतं. पाहुणा नाचला, पोरं हसली आणि आळशी हा शिक्का माझ्या कपाळावर कायमचा बसला. शेवटी नागपूरला दिलेली माझी मुलगी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डोक्याला, छातीला तारा चिकटवून मला तिथे झोपवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही झोपत नाही बाई, रात्रभर गुदमरता." झोपेत गळा बंद होतो, श्वास थांबतो, जीव धडपडून जागा होतो आणि परत तेच. यावर उपाय एक मशीन. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा आत येते आणि गळा उघडा ठेवते. मुलीने मशीन घेऊन दिली.

मशीन लावून झोपले त्याच्या दुसऱ्या सकाळी उठले आणि मला भयंकर राग आला. इतकी वर्षं बाकीचे लोक रोज असे उठत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता भासऱ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात भावजय भासऱ्याशी बोलत नाही. तोंडावर पदर घ्यायचा, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही, त्यांचं नाव उच्चारायचं नाही. चुकून अंगाला अंग लागलं तर दोघांनीही आंघोळ करायची. आजकालच्या सुना भासऱ्यांना मोबाइलवर फोटो पाठवतात, पण माझं लग्न झालं तेव्हा फोटो काढायलाही कुणी नव्हतं आणि सवय मोडायला कुणी सांगितलंही नाही. भासऱ्यांना चहा हवा असला की ते खांबाकडे बघून म्हणायचे, "आज चहा भेटत नाही वाटते." मी चुलीकडे बघून म्हणायची, "ठेवला आहे म्हणावं." एका छपराखाली राहून त्यांचा आणि माझा सगळा संसार खांबाच्या आणि चुलीच्या साक्षीने चालला.

धानाची मळणी आटोपली की दर काही वर्षांनी आमच्या गावची चार-पाच घरं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून देवदर्शनाला निघतात. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, खाली धानाचं तणस आणि तणसावर सतरंज्या. तांदूळ, डाळ, भांडी बरोबर. पाणी आणि सावली दिसली की मुक्काम. जागा आवडली तर दोन-तीन दिवस तिथेच. महिना-दीड महिना घराचं तोंड बघायचं नाही. ट्रॅक्टर भासऱ्यांचा आणि चालवायचेही तेच. माझ्या नवऱ्याला चांगला चालवता येतो, पण धाकट्याच्या हातात स्टिअरिंग देणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

दर खेपेला गुरं बघायला कुणीतरी मागे राहायचं आणि ते कुणीतरी म्हणजे मी. माहेर, शेत, बाजार आणि दवाखाना यापलीकडे मी काही बघितलं नव्हतं. या खेपेला नवऱ्याला सांगितलं, "मले अमरकंटक पाहाचं आहे. नर्मदा निंगते थे जागा. नेत नसान त मी पोरीकडे जातो, अन् वापस येत नाही. गुरं तुमी पाहा." तो घाबरला. गुरं शेजाऱ्यांवर सोपवायची ठरली. भासरे खांबाला म्हणाले, "याचं त या म्हना. पन रातचा तमाशा नको."

म्हणजे घोरणं नको. घरात मध्ये भिंती असतात. उघड्यावर सगळे एका रांगेत झोपणार, भासऱ्यांच्या कानावर भावजयीचं घोरणं पडणार, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. मशीनशिवाय जाणं मलाही जमणार नव्हतं. एक-दोन रात्री ती नसली की मी पुन्हा बादली सांडणारी बाई व्हायची. अमरकंटक बघायचं ते जागेपणी बघायचं होतं. म्हणून मुलीने बॅटरीला जोडायची वायर पाठवली. नवऱ्याने एक जास्तीची बॅटरी ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात खोक्यात बसवली. चालत्या ट्रॅक्टरवर ती दिवसभर भरायची, रात्री माझी मशीन चालायची. त्या कोपऱ्यात माझी जागा ठरली, ड्रायव्हरच्या पाठीकडे तोंड करून.

आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला महादेवापुढे नारळ फोडला, दर्ग्यावर चादर चढवली आणि आधी खाली, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला गेलो. उघड्यावर मशीन सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. ती उलट्या घमेल्यावर ठेवायची, नाहीतर मुंग्या शिरतात. थंडीने नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात, म्हणून नळीला नवऱ्याचा जुना मफलर गुंडाळला. ट्रॅक्टरच्या धुळीने जाळी काळी व्हायची, ती रोज झटकायची. सकाळी मास्क साबणाने धुऊन झाडाला टांगायचा.

पण काय दिवस होते ते! वैनगंगेच्या वाळूत मी सगळ्यांच्या आधी उठायची आणि चूल पेटवायच्या आधी एकटीच काठाने चालून यायची. नदीवर धुकं असायचं, पलीकडे कुणीतरी डोंगा पाण्यात सोडायचं. मला सगळं दिसत होतं. पाण्याचा वास येत होता. मी दुपारी डुलकी न घेता गावागावाचे बाजार फिरले, देवळांच्या भिंतींवरच्या मूर्ती एकेक करून बघितल्या आणि पायऱ्या चढताना जाऊबाईला मागे टाकलं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायची अक्कल राहिली नाही.

तेच तिला खुपलं. मास्क लावला की ती ओरडायची, "गनपती बसला व, आरती करा!" नळीला सगळ्या सोंड म्हणायच्या. एक म्हातारी माझ्या हातचं खायला तयार नव्हती, कारण तिच्या मते मला छातीचा रोग होता आणि ही हवा दवाखान्यातली होती. गंमत म्हणजे दिवसभर सोंड म्हणणाऱ्या याच बायका संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्या बॅटरीपाशी रांग लावायच्या. एकदा त्यांच्या मोबाइलनी बॅटरी चाटूनपुसून टाकली आणि मी बिनमशीनची झोपले. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या माझे डोळे मिटले, तर जाऊबाईने माझ्या मांडीवर पैसे टाकले, भिकारणीला टाकतात तसे. सगळ्या खिदळल्या. मी ते पैसे उचलून तिच्याच देखत देवापुढच्या पेटीत टाकले आणि म्हटलं, "जाऊबाईला अक्कल दे रे बाबा."

खोटं कशाला बोलू, एका सकाळी मास्क धुताना ती जवळ आली होती. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुह्यं तोंड बरं दिसून रायलं आजकाल." आणि मग आपणच काही चोरल्यासारखी निघून गेली.

आता माझी झोप पहाटेच पुरी होत असल्यामुळे मला भासऱ्यांचं घोरणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आवाज चढत जायचा आणि एकदम बंद व्हायचा. काहीच नाही. श्वासही नाही. मग बुडालेलं जनावर पाण्यावर यावं तसे ते फुरफुरत वर यायचे. डॉक्टरांनी मला माझंच जे वर्णन ऐकवलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर घोंगडी पांघरून पडलं होतं. दिवसा ताटावर बसले की त्यांचा घास हातात राहायचा आणि मान खाली जायची. आणि हाच माणूस जेवण झालं की आम्हां सगळ्यांना ट्रॉलीत बसवून ट्रॅक्टर चालवायचा.

नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या दादाले माह्यासारखंच आहे. दुपारचा ट्रॅक्टर तुमी चालवा." तो म्हणाला, "दादाले कोन सांगन? तू?" मग जाऊबाईला सांगितलं. तिने आधी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयका व बायांनो, हे म्हन्ते माह्या मालकालेबी सोंड लावा! मर्दाचं घोरनं अन् बाईचं घोरनं एक असते का व? सोताचा रोग दुसऱ्यावर कायले ढकलतं?"

मार्कंड्याहून वर देवरीमार्गे आम्ही सालेकशाच्या जंगलात आलो. पुढे दरेकसा, तिथून डोंगरगड आणि मग अमरकंटक. दरेकसाच्या अलीकडे नाल्याकाठी दुपारचं जेवण झालं. वांग्याची भाजी आणि भात, तोही पोटभर. ट्रॅक्टर निघाला. डोंगराच्या अंगाने रस्ता, एका बाजूला खोल नाला. ट्रॉलीत निम्मे झोपलेले, निम्मे मागे तोंड करून भजन म्हणत होते. नवरा पार मागच्या फळीला टेकून घोरत होता. समोर बघणारी मी एकटी, आणि माझ्यासमोर भासऱ्यांची पाठ.

त्यांची मान गेली. परत आली. परत गेली.

मी काय केलं? जे आमच्या घरातल्या बाईने केलं असतं तेच केलं. शेजारी चणे खात बसलेल्या जाऊबाईला हलवलं आणि म्हटलं, "बाई, त्याइले आवाज द्या. झोपून रायले ते." रस्ता घसरत होता आणि मी रीतसर निरोप पाठवत होते. ती म्हणाली, "रस्ता पाहून रायले ते. तुले सपन पडलं." तेवढ्यात ट्रॅक्टरचं पुढचं चाक गवतात उतरलं. त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

मी ताडपत्रीचा एक सुटा बांबू उपसला, ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर छाती टेकवली आणि भासऱ्यांच्या पाठीत हाणला. एकदा हाणून ते हलले नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा हाणला, जोर लावून. ते ओरडून उठले आणि ब्रेकवर उभे राहिले. भांडी पुढे आली, माणसं भांड्यांवर आली. ट्रॅक्टर थांबला. नाल्याचं पाणी बरोबर माझ्या खाली दिसत होतं.

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. कुणीतरी पाणी तरी देईल.

भासरे खाली उतरले, पाठ चोळली आणि एका पळसाच्या झाडाला म्हणाले, "झोपलो नव्हतो मी. ऊन लागलं म्हनून डोये मिटले." झालं. त्यांच्यापुरता विषय संपला. मी गवतात उमटलेली चाकाची खूण दाखवली. लोकांनी ती बघितली, नाल्याकडेही बघितलं. एक जण म्हणाला, "रस्ताच खराब आहे इकडचा."

जाऊबाईने तिथे रस्त्यावरच बसकण मारली. गावच्या देखत भावजयीने भासऱ्याला बांबू हाणला होता. तिच्या नवऱ्याचं नाक कापलं गेलं होतं. माझ्या हातचं न खाणारी म्हातारीच उलट माझ्या बाजूने बोलली, की लाकूड लागलं, अंग नाही लागलं, दोघांनी आंघोळ करून टाका. जाऊबाई म्हणाली, "शिवलं असतं त आंघोळ केली असती. इनं मारलं. मारल्याची आंघोळ नसते. हे पुढं येत असन त मी इथंच उतरतो."

मग मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो जागा झालेला होता, इतका जागा मी त्याला कधी बघितला नव्हता. तो माझी पिशवी भरायला लागला.

दरेकसाचं स्टेशन लहान. फलाटावर आम्ही दोघं, एक कुत्रं आणि लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या काही बायका. नवऱ्याने मशीन माझ्या मांडीवर ठेवली. बॅटरी दिली नाही. घरी लाइन आहे आणि इकडे लोकांना मोबाइल चार्ज करायचे आहेत, असं म्हणाला. "मी आलो असतो, पन दादा एकटा पडन," असंही म्हणाला. मी विचारलं, "अन् मी?" तो गाडी येते का ते बघायला फलाटाच्या टोकापर्यंत गेला आणि गाडी येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

गाडीत मी रडले नाही. गोंदियापर्यंत शिव्या देत गेले. समोरच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे बसला. मला अमरकंटक बघायचं होतं, माझं डोकं त्यासाठी तयार होतं, पाय तयार होते, श्वास तयार होता आणि मला पोतं उतरवावं तसं उतरवलं होतं. त्या दिवशी मी त्या ट्रॉलीतल्या एकेकाचं वाईट चिंतलं. तोंडाने, नाव घेऊन.

अमरकंटकचे फोटो मोबाइलवर आले. कुंडाजवळ जाऊबाई हात जोडून उभी होती, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर माझ्या नळीचा मफलर होता.

परतीच्या वाटेवर, दुपारच्या जेवणानंतर, एका उतारावर ट्रॉली उलटली. कुणाचा पाय मोडला, कुणाची फासळी. माझ्या नवऱ्याचं मनगट गेलं. भासऱ्यांना नुसतं खरचटलं. जाऊबाई गेली. मी उतरल्यावर पुढच्या कोपऱ्यातली माझी जागा तिने घेतली होती, तिथे धक्के कमी लागतात म्हणून. ती नवऱ्याच्या पाठीकडे तोंड करून बसलेली होती. तिने काही बघितलं की नाही, आवाज दिला की नाही, कुणालाच सांगता येत नाही. सगळे झोपले होते.

फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, बरं झालं. मग हातातली कढई घासत बसले, लख्ख झाली तरी घासतच राहिले. एका चुलीवर तिने आणि मी उभी हयात काढली होती. मला तिचा राग आजही येतो. जिवंत असती तर भांडून मोकळी झाले असते.

तेरवीला अंगण भरलेलं होतं. ट्रॉलीतलेच सगळे, कुणी प्लास्टरमध्ये, कुणी काठीवर. मी पत्रावळी मांडत होते. भासरे उठले आणि लोकांमधून चालत सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खांब नाही, झाड नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. उभ्या जन्मात ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"तू राहिली असती त हानला असता न बांबू."

ते रडत होते आणि उत्तराची वाट बघत होते. मला कळलं होतं, त्यांना काय हवं होतं. हो म्हटलं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं, शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला, नवऱ्याकडे वळले आणि म्हटलं, "सांगा त्याइले, आपल्यात भासऱ्याशी बोलत नसते."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. भासरे हातभर अंतरावर उभे होते, तरी त्याने ते वाक्य शब्दन् शब्द त्यांना सांगितलं.